अंकीय स्थलदर्शक नकाशे, मुक्त

भूप्रदेशाची उंचसखलता समोच्चतादर्शक रेषांनी आणि नद्या, वने, वाटा, वस्त्या इ. तपशील सांकेतिक चिन्हांनी दाखविणाऱ्या नकाशांचे विनामूल्य मिळणारे अंकीय रूप. हे नकाशे मोबाइलमध्ये वा हस्तधारित उपकरणात आधीच साठविता येतात. स्थाननिश्चितीसाठी उपकरण उपग्रहांचे संदेश केवळ ग्रहण करीत असल्याने, दूरसंचार जाळे नसलेल्या डोंगराळ भागातही वापरणाऱ्यास आपले स्थान नकाशावर पाहता येते.

भारतात स्थलदर्शक नकाशांचे काम मुख्यत्वे भारतीय सर्वेक्षण खात्याने (स्थापना १७६७) केले. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला; हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. या सर्वेक्षणाच्या आधारे प्रथम एका मैलास एक इंच व दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर १ : ५०,००० या प्रमाणाची पत्रके तयार झाली. परंतु सीमा व सागरकिनारा यांलगतच्या विस्तृत पट्ट्याची पत्रके संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ प्रतिबंधित राहिली. कोकण याच पट्ट्यात मोडत असल्याने सार्वजनिक खर्चाने झालेले हे नकाशे तेथील सामान्य नागरिकास व गिर्यारोहकास दुर्लभ होते.

ही कोंडी प्रथम बाहेरून फुटली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या सुमारे ८०% भूपृष्ठाची उंची मोजली व ही सामग्री पुढे सर्वांस खुली झाली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या नागरी संदेशांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची घट रद्द केली. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा स्वयंसेवकांचा नकाशाप्रकल्प सुरू झाला. उंची, स्थान व तपशील या तिन्हींच्या संयोगातून मुक्त नकाशे सिद्ध झाले. भारतात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण व मुक्त अशा दोन मालिका वेगळ्या केल्या; २०१७ मध्ये मुक्त मालिकेची पत्रके विनामूल्य उपलब्ध झाली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांवरील पूर्वपरवानगीचे बंधन बहुतांशी दूर केले.

मात्र सुलभता म्हणजे अचूकता नव्हे. उक्त उंचीसामग्रीतील मापनबिंदूंमधील अंतर प्रथम बहुतेक देशांसाठी सुमारे ९० मी. व २०१४ नंतर सुमारे ३० मी. असल्याने सह्याद्रीतील तुटलेला कडा नकाशावर साधा उतार भासू शकतो. स्वयंसेवकांनी नोंदविलेली वाटही पावसाळ्यानंतर शिल्लक असेलच असे नाही. त्यामुळे दुर्गम भागात छापील पत्रक, होकायंत्र व स्थानिकांची माहिती यांचे महत्त्व टिकून आहे.