ज्याअर्थी, फोन पहिल्यांदा तीच उचलते

एप्रिलमधली सकाळ, पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या काउंटीचे जुने कोर्टहाउस आणि आठवड्याची बैठक. विषयपत्रिकेवर पुलाच्या दुरुस्तीचे बिल असते, तुरुंगाच्या स्वयंपाकघराचे कंत्राट असते, आणि मधेच एक ठराव असतो. तो वाचायला काउंटी चालवणाऱ्या तिघांपैकी एक कमिशनर उभा राहतो. भाषा थेट आपल्या सरकारी आदेशांची: ज्याअर्थी आणीबाणीच्या प्रसंगी नागरिकाचा पहिला संपर्क डिस्पॅचरशी, म्हणजे फोन घेऊन मदत पाठवणाऱ्याशी येतो, ज्याअर्थी त्याच्या अचूकपणावर पोलीस आणि अग्निशामक दलाची सुरक्षितता अवलंबून असते, त्याअर्थी एप्रिलचा हा आठवडा त्यांच्या सन्मानार्थ पाळण्यात यावा. रात्रपाळी करून आलेल्या दोन-तीन बायका आणि एखादा पुरुष समोर अवघडून उभे असतात. फोटो निघतो, टाळ्या पडतात. मग हेच तीन कमिशनर टोपी बदलतात आणि निवडणूक मंडळ म्हणून बसतात, कारण मे महिन्यातली प्राथमिक निवडणूक तोंडावर आलेली असते.

फोन उचलणारी बाई आणि मतपेटी एकाच टेबलावर कशी आली, याचे उत्तर अंतरात आहे. काउंटी ही मुळात अंतराचीच सोय होती.

विल्यम पेनने १६८२ मध्ये आपल्या वसाहतीत फिलाडेल्फिया, बक्स आणि चेस्टर या पहिल्या तीन काउंट्या आखल्या. इंग्लंडमधले ‘शायर’ आणि तिथला ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी हे दोन शब्द जुळून झालेला ‘शेरीफ’ही त्याच बोटीतून आला. आज या राज्यात ६७ काउंट्या आहेत. फिलाडेल्फियात २०२० च्या जनगणनेत १६ लाखांवर माणसे होती आणि डोंगराळ कॅमरन काउंटीत साडेचार हजारांच्या आसपास. दोन्हींना काउंटीचा दर्जा एकच. शेतकऱ्याला घोड्यावरून किंवा गाडीतून कोर्टकचेरी गाठता यावी, जमिनीचा दस्त नोंदवता यावा, इच्छापत्र दाखल करता यावे, एवढाच या व्यवस्थेचा उद्देश. म्हणून पेनसिल्व्हेनियात आजही ‘प्रोथोनोटरी’ नावाचा, दिवाणी कोर्टाची दप्तरे सांभाळणारा निवडून आलेला अधिकारी असतो. पिट्सबर्गला आलेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हा काय प्रकार आहे म्हणून वैतागून विचारले होते, असे सांगतात.

अमेरिकेच्या मतदानाचा वारही अंतरानेच ठरवला. नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हा कायदा १८४५ चा. रविवारी चर्च, बुधवारी अनेक ठिकाणी बाजार. सोमवारी निघून मंगळवारी मत टाकायचे. सुगी झालेली, बर्फ अजून पडायचे. हे गणित घोड्याच्या चालीचे होते. घोडे गेले, मंगळवार राहिला.

या निवडणुकीची सगळी धुणी-भांडी काउंटीकडे. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना थोडी विचित्र वाटेल. आपल्याकडे जिल्हाधिकारी हाच जिल्हा निवडणूक अधिकारी असतो, आयोगाच्या हुकमाखाली काम करतो आणि स्वतः कुठल्या पक्षाचा नसतो. पेनसिल्व्हेनियातल्या बहुतेक काउंट्यांत तीन कमिशनर पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. मात्र एक शहाणपणाची पाचर मारून ठेवली आहे: प्रत्येक पक्षाने दोनच उमेदवार उभे करायचे, मतदारानेही दोनच निवडायचे आणि निवडून येणार तीन. त्यामुळे एक खुर्ची बहुधा अल्पमतातल्या पक्षाकडे जाते. कमिशनर स्वतः उमेदवार असले की त्या वर्षी मंडळावर न्यायाधीश दुसरी माणसे नेमतो. केंद्रावरचा प्रमुख, ज्याला ‘निवडणुकीचा न्यायाधीश’ म्हणतात, तोही चार वर्षांसाठी मतदानानेच निवडला जातो. मतदान भरवणाऱ्यासाठीही मतदान! हौस म्हणावी ती इतकी.

प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर कुणाचे नाव वर आणि कुणाचे खाली, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. फिलाडेल्फियात या चिठ्ठ्या हॉर्न अँड हार्डार्टच्या जुन्या कॉफीच्या डब्यातून काढायची रीत आहे. नाणे टाकले की खिडकीतून खाणे मिळायचे अशी ही तिथली गाजलेली उपाहारगृहे. ती केव्हाच बंद पडली, डबा मात्र लोकशाहीच्या सेवेत राहिला. त्यातून वरचे नाव निघावे म्हणून उमेदवार देव पाण्यात घालून बसतात, कारण लांबलचक यादीत वरच्या नावाला चार मते फुकटची पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

चिठ्ठ्यांचा गमतीचा भाग संपला की तयारीचे कोरडे काम सुरू होते: यंत्रांत खोटी मते टाकून बेरीज जुळते का पाहायचे, केंद्रे मुक्रर करायची, माणसे शिकवायची. त्यात चूक झाली तर काय होते, ते नोव्हेंबर २०१९ मध्ये नॉर्थॅम्प्टन काउंटीत दिसले. नव्या यंत्रांनी न्यायाधीशपदाच्या एका उमेदवाराला ५५ हजारांपैकी अवघी १६४ मते दाखवली. गणित कुणालाच पटेना. यंत्रांबरोबर कागदी मतपत्रिकाही होत्या, त्या रात्रभर मोजल्या आणि तोच उमेदवार निसटत्या फरकाने जिंकलेला निघाला. २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत याच राज्यातल्या कमिशनरांच्या नावाने सारे जग बोटे मोडत होते, कारण निकाल लागता लागेना. २०१९ च्या कायद्याने कुणालाही कारण न देता टपाली मत देता येऊ लागले आणि २६ लाखांच्या आसपास पाकिटे आली. पण मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आत एकही पाकीट फोडायला बंदी. तीन नोव्हेंबरला मतदान झाले. राज्याचा कौल जाहीर झाला तो शनिवारी, सातला. काउंट्यांनी त्याआधी पाकिटे लवकर उघडू द्या म्हणून विधिमंडळाला विनवले होते. ऐकले कुणी नाही, आणि बोल मात्र पाकिटे फोडणाऱ्या कारकुनांना.

आता फोनकडे वळू.

मतदान केंद्र पुष्कळदा गावच्या अग्निशामक मंडळाच्या हॉलमध्ये असते. हे मंडळ बहुधा स्वयंसेवकांचे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ काढली, तेव्हापासूनची ही परंपरा. आग लागली की माणसांना बोलवायचे कसे? आधी घंटा, मग छपरावरचा भोंगा. टेलिफोन आल्यावर खेड्यांत आगीचा एक क्रमांक चार-पाच घरांत एकदम वाजे. पुरुष शेतावर किंवा खाणीत. म्हणून फोन उचलायच्या त्यांच्या बायका. पत्ता लिहून घ्यायचा, भोंग्याचे बटण दाबायचे आणि बाकीच्यांना कळवायचे. ना पगार, ना पद. डिस्पॅचरच्या धंद्याचा खरा आरंभ या स्वयंपाकघरांत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तो यंत्रांपासून, म्हणजे १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत बसवलेल्या एकतर्फी रेडिओपासून सुरू होतो, हा भाग वेगळा.

रुग्णवाहिकेची स्थिती याहून बिकट. १९६० च्या दशकापर्यंत अनेक गावांत ती अंत्यविधी करणाऱ्याकडे असे, कारण माणूस आडवा नेता येईल अशी लांब गाडी त्याच्याचकडे. पिट्सबर्गमध्ये पोलिसांची गाडी येई, माणसाला मागे टाकी आणि सुटे. वाटेत उपचार ही कल्पनाच नव्हती. १९६७ मध्ये तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना घेऊन ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा निघाली. त्यांना शिकवले डॉ. पीटर सफार यांनी, तोंडाने श्वास देण्याच्या तंत्राचे एक जनक. नोकरी मिळत नसलेली ही पोरे देशातल्या पहिल्या पॅरामेडिकांत गणली जातात. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद केले. यशाचे बक्षीस अनेकदा असेच असते.

सगळ्यांसाठी एकच क्रमांक हवा, ही कल्पना ब्रिटनची. १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या आगीत पाच बायका गेल्या, शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला होता, आणि ३० जून १९३७ ला ९९९ सुरू झाला. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने जानेवारी १९६८ मध्ये ९११ जाहीर केला. पण अलाबामातल्या एका छोट्या टेलिफोन कंपनीने तिच्यावर मात केली. १६ फेब्रुवारी १९६८ ला हेलीव्हिल या गावात विधानसभेच्या अध्यक्षांनी ९११ फिरवला आणि पोलीस ठाण्यातला लाल फोन तिथल्या खासदारांनी उचलला. आठवडाभरात अलास्कातले नोमही मागोमाग आले. पहिला फोन पुढाऱ्याने पुढाऱ्याला केला; आग कुठेच लागली नव्हती.

पेनसिल्व्हेनियाने १९९० च्या कायद्याने ९११ ची जबाबदारी काउंट्यांवर टाकली. फोनच्या मासिक बिलातून त्यासाठी पट्टी कापली जाते. २०१५ मध्ये ती १.६५ डॉलर होती, २०२४ पासून १.९५ झाली. पैशापेक्षा मोठा पेच वेगळाच निघाला. खेड्यातल्या घरांना पत्तेच नव्हते. ‘ग्रामीण टपाल मार्ग दोन, पेटी अमुक’ एवढ्यावर पोस्टमन येई, कारण त्याला रोजचा रस्ता ठाऊक. बंबाला तो ठाऊक असेलच असे नाही. मग काउंट्यांनी रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक द्यायला घेतले, आणि भांडणांना ऊत आला. एकाच नावाचे रस्ते काउंटीतल्या तीन-तीन टाउनशिपांत, बदलायचे कुणी? ज्याच्या आजोबांच्या नावाने वाट ओळखली जाई, तो पाटी उपटायला तयार. जमीन नोंदवायला निघालेली काउंटी तीनशे वर्षांनी दारावर क्रमांक लावत फिरत होती.

आणि मग असा एक फोन आला, ज्याला पत्ता असणे शक्यच नव्हते. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी ९ वाजून ५८ मिनिटांनी वेस्टमोरलँड काउंटीच्या ९११ केंद्रात एका प्रवाशाने मोबाइलवरून विमानाच्या शौचालयातून सांगितले, की आमचे विमान पळवले आहे. ते युनायटेडचे ९३ क्रमांकाचे विमान होते. बोलणे एक-सव्वा मिनिटाचे, मग फोन तुटला. १० वाजून ३ मिनिटांनी विमान शेजारच्या सॉमरसेट काउंटीत शँक्सव्हिलजवळच्या शेतात कोसळले, आणि पलीकडच्या काउंटीत दुसरे फोन वाजू लागले. डिस्पॅचरच्या कामाचे एक दुखणे यात आहे: पलीकडच्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्याला बहुतेक वेळा कळत नाही. इथे मात्र त्याच दिवशी साऱ्या जगाला कळले.

एरवीचे फोन साधे असतात. छातीत कळ, घसरलेला म्हातारा, बर्फात गेलेली गाडी. फोनवरूनच छाती दाबायला सांगायची, मोजत राहायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने बंबाला हाक द्यायची. अग्निशामक मंडळांचे स्वयंसेवकही आटले. १९७० च्या दशकात राज्यात ३ लाखांच्या आसपास होते. २०१८ च्या विधिमंडळ अहवालात आकडा ३८ हजारांवर आला. त्यामुळे एका हॉलमधून उत्तर आले नाही की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला हाक जाते. घड्याळ पळत असते आणि ते पाहणारी तीच असते. महाराष्ट्रात २०१४ ला १०८ ची रुग्णवाहिका आणि पुढे ११२ आले, तेव्हापासून हेडफोन लावून बसलेली ही माणसे आपल्याकडेही आहेत. फोन करणारा त्यांच्यावर ओरडतो तो अमेरिकेतल्यासारखाच: प्रश्न विचारत काय बसलात, गाडी पाठवा! गाडी दुसऱ्या प्रश्नालाच निघालेली असते, हे त्याला दिसत नाही.

एप्रिलमधला तो सन्मानाचा आठवडा कॅलिफोर्नियातून आला. काँट्रा कोस्टा काउंटीच्या शेरीफ कार्यालयातल्या पॅट्रिशिया अँडरसन यांनी १९८१ मध्ये तो सुरू केला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या काँग्रेसने त्यावर शिक्का मारला, आणि आता देशभरच्या कोर्टहाउसांत ‘ज्याअर्थी’ वाचले जाते. ठरावाला खर्च येत नाही, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. टेक्सासने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून डिस्पॅचरना पोलीस-अग्निशामकांच्या पंक्तीत बसवले. केंद्र सरकारच्या व्यवसाय-यादीचे मात्र काही हलले नाही. २०१८ च्या सुधारित यादीत या कामाचे नाव बदलले, वर्ग तोच राहिला: कार्यालयीन व प्रशासकीय साहाय्य, क्रमांक ४३-५०३१. त्याच गटात कुरिअर पोचवणारे आहेत आणि मीटर वाचणारेही.