तो काच, ती काच

धुळे-सुरत महामार्गावर विसरवाडीला एसटीची वाट पाहत उभे राहिले की डोळ्यांसमोरून काचाच काचा जातात. नव्या बसची पुढची काच नीट पाहावी. कडेने काळा पट्टा असतो आणि आत येता येता तो बारीक ठिपक्यांत विरून जातो. मला ती नक्षी वाटायची. प्रत्यक्षात तो पट्टा कामाचा आहे. काच ज्या लुकणाने सांगाड्याला चिकटवतात, ते उन्हाने खराब होऊ नये म्हणून तो सावली धरतो. नखाने खरवडला तरी निघत नाही. अशा काचेला आपण सरसकट ‘छापलेली काच’ म्हणतो. माझी शंका त्या ‘छापलेली’वर आहे.

मराठीत काच दोन आहेत. ‘ती काच’ संस्कृतातून जशीच्या तशी आलेली. ‘तो काच’ दोरीचा, नव्या चपलेचा, नाहीतर सासरचा. ‘काचणे’ त्याचे क्रियापद. एकातून दुसरा काढण्याचा मोह टाळावा. पण काचकामात दोघांची गाठ पडलीच. वाळूचा फवारा मारून किंवा आम्ल लावून काचेवर नक्षी उठवायची, म्हणजे तिचा वरचा थर खायचा. दुधी काच होते ती बहुधा अशी काचूनच.

आता काचेवर डिजिटल लेझर प्रिंटरनेही छापतात. ही लेझरची छपाई काचेला काचत नाही. किरण काचेपर्यंत येतही नाही. विद्युतभारित रोळावर तो उजेडाने चित्र रेखतो, त्या चित्राला भुकटी चिकटते आणि मग ती, बहुधा खास कागदाच्या मध्यस्थीने, काचेवर उतरते. कागदावर छापण्याचीच ही रीत. फरक आहे भुकटीत. हिच्यात रंग देणाऱ्या धातूंच्या ऑक्साइडांबरोबर काचेचीच पूड असते. साधारण 600 ते 700 अंश सेल्सिअसला भाजली की ती पूड वितळून खालच्या काचेशी एकजीव होते. बसच्या काचेवरचा पट्टा बहुधा जाळीच्या साच्यातून उमटवलेला असतो, पण त्याची भट्टी आणि काचेची पूड हीच. मोटारींच्या मागच्या काचेवरच्या, अशाच भाजलेल्या तांबूस रेघांत चांदी असते. वीज सोडली की त्या तापतात आणि काचेवरचे धुके जाते.

काच कुटायची, रंगवायची, दुसऱ्या पृष्ठभागावर भाजून बसवायची: या कामाला आपल्या सोनारांकडे शब्द आहे, मिना. तो फारसीतून आला. दागिन्यावरचा मिना म्हणजे धातूवर वितळलेली रंगीत काच. इथे तीच काच काचेवर, एवढेच.

यंत्राच्या नावांतही गंमत आहे. ‘डिजिटल’च्या मुळाशी लॅटिनमधले बोट आहे, कारण मोजणी बोटांवर सुरू झाली, या कामात मात्र काचेला बोट लागलेले चालत नाही. ‘लेझर’ तर इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले नाव. त्यातले पहिले अक्षर उजेडाचे. त्यावरून आठवते ते आपले ‘तावदान’. फारसी ‘ताब’ म्हणजे तेज आणि ‘दान’ म्हणजे आपल्या अत्तरदाणीतली दाणी. तावदान म्हणजे उजेडदाणी! खिडकीच्या काचेला हे नाव मिळाले ते तिच्या कामावरून.

याच महामार्गावरच्या नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. शब्दांनाही तिथे फलाट बदलावा लागत नाही. अलीकडचा ‘आरसा’ पलीकडे ‘अरीसो’ होतो, दोघेही संस्कृत ‘आदर्श’ची लेकरे, काच मात्र दोन्हीकडे काचच. इतक्या वाटांनी आलेले शब्द घरात असताना नव्या कामाला ‘छापणे’ हे क्रियापद कशाला? मी तर ‘मिना भरलेली काच’ म्हणेन. नुसते वर छापलेले खरवडता येते. हा मिना जाईल तो, काच फुटेल किंवा काचली जाईल तेव्हाच.