दाबाचे दालन आणि तुलनेचा प्रश्न

रायपूरच्या रस्त्यावर दुचाकीवरून पडलेल्या एखाद्या तरुणाचा स्कॅन निर्दोष येतो. तरीही डोकेदुखी, भोवळ आणि विस्मरण महिनोन्महिने पाठ सोडत नाही. मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, म्हणजे कन्कशनची, ही रेंगाळलेली लक्षणे. त्यांवर दाबाच्या दालनात ऑक्सिजन देण्याचा उपाय सुचवला जातो. त्याचा इतिहास समजून घेण्याजोगा आहे.

१६६२ मध्ये इंग्रज वैद्य नॅथॅनियल हेनशॉ यांनी भात्यांनी दाब बदलणारी बंद खोली सुचवली. १९२८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डॉ. ऑर्व्हल कनिंगहॅम यांच्यासाठी ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभा राहिला. वैद्यकीय संघटनेने पुरावा मागितला; तो मिळाला नाही. पुढे महायुद्धात तो गोल भंगारात गेला.

शास्त्रीय पाया १९६० मध्ये ॲम्स्टरडॅमला भक्कम झाला. बोरेमा यांनी जवळजवळ सर्व तांबड्या पेशी काढलेली डुकरे सुमारे ३ वातावरण दाबाच्या ऑक्सिजनमध्ये जिवंत ठेवली. दाब वाढला की द्रवात वायू अधिक विरघळतो, हा हेन्रीचा नियम त्यामागे होता. पाणबुड्यांच्या विकारावर हा उपचार रूढ आहे. मुंबईत कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदल रुग्णालयातही तो दिला जातो.

कन्कशनची कथा मात्र वेगळी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ५० सैनिकांपैकी काहींना २.४ वातावरण दाबाने ऑक्सिजन, तर इतरांना १.३ वातावरण दाबाची साधी हवा मिळाली. सुधारणा दोन्ही गटांत झाली. गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१५ च्या ७२ सैनिकांच्या चाचणीत दालनातील दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले, परंतु एकमेकांहून नाही.

समर्थक म्हणतात, साधी हवाही निष्क्रिय नव्हती. गणित त्यांच्या बाजूने थोडेसेच झुकते: समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच रायपुरात ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे ०.२० वातावरण असतो, त्या दालनात तो ०.२७ होता. ऑक्सिजन गटात मात्र तो २.४, म्हणजे जवळपास नऊपट. औषध ऑक्सिजनच असता, तर एवढ्या फरकाचा परिणाम दिसायला हवा होता. रोजची काळजी, विश्रांती आणि अपेक्षा यांनाही बरे करण्याची शक्ती असते.

रुग्णाची सुधारणा खोटी नसते. तिचे श्रेय कोणाला, हे तुलनाच सांगते. म्हणून या उपचारावर पैसे खर्चण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने विचारावे: तुलना कशाशी केली होती?