टाकी रिकामी, जमीन कोरडी : एका कॅम्पर व्हॅनच्या गळतीचा इतिहास

हवा गोठत नाही आणि उकळतही नाही. या साध्या भौतिक सत्यावर फोक्सवॅगनने वर्षानुवर्षे आपल्या जाहिराती उभ्या केल्या.

२३ एप्रिल १९४७ रोजी बेन पॉन या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका खोकेवजा गाडीचे रेखाटन केले. मार्च १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची सोय बसवायला आरंभ केला. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे. रेडिएटर नाही, पाणी नाही. तेव्हा पाणी गळण्याचा प्रश्नच नाही. (तेल मात्र गळे. पण त्याची सवय होऊन जाई.)

१९७९ साली आलेली तिसरी पिढी, म्हणजे टी-३, आकाराने आणि वजनाने वाढली होती. उत्सर्जनाचे नियम कडक होत चालले होते, आवाजाची तक्रार होती आणि हिवाळ्यात प्रवासी कुडकुडत. अखेर १९८२ मध्ये पाण्याने थंड होणारे १.९ लिटरचे इंजिन आले. त्याचे नाव वासरबॉक्सर. समोरासमोर आडव्या सिलिंडरांची जुनी मांडणी तशीच ठेवून अभियंत्यांनी तिच्याभोवती पाण्याचे आवरण गुंडाळले. इंजिन मागेच राहिले, रेडिएटर मात्र पुढे गेला. त्यामुळे सोळा-सतरा लिटर कूलंट गाडीच्या पोटाखालून, लांबलचक नळ्यांतून, सतत ये-जा करू लागले.

खरा घोटाळा मात्र नळ्यांत नव्हता.

नेहमीच्या इंजिनात एकच हेड गॅस्केट वायू आणि पाणी दोन्ही अडवते. वासरबॉक्सरमध्ये या कामाची वाटणी झाली होती: ज्वलनाचा दाब धातूच्या कड्या अडवीत आणि पाण्याच्या आवरणाची कड रबरी गॅस्केट सांभाळी. रबर आणि ॲल्युमिनियम यांच्यामधल्या अरुंद फटीत कूलंट साचून राही. तेथे हेडचा धातू हळूहळू खाल्ला जाई, त्यात खळगे पडत आणि रबराला टेकण्यासाठी सपाट जागाच उरत नसे. फॉस्फेटयुक्त कूलंट आणि कठीण पाणी ही जोडी विशेष घातक. म्हणून पुढे फॉस्फेटविरहित कूलंटचा आग्रह धरला गेला. पण तोवर असंख्य गाड्यांची हेड पोखरली गेली होती.

अशा गाडीच्या मालकाला प्रथम जाणवे ते एक कोडे. नंबरप्लेटमागच्या भरणीच्या टाकीतील पातळी उतरते, जमीन मात्र कोरडी! कारण हेडच्या खालच्या कडेतून झिरपलेला थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडतो आणि वाफ होऊन जातो. मागे राहतो तो गोडसर वास. तोच वास चालकाच्या पुढ्यात येत असेल आणि काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर संशय डॅशबोर्डमधील हीटरवर घ्यावा लागतो.

म्हणून जाणते कारागीर शोध थंड इंजिनावर घेत. टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा, सुमारे एक बार दाब भरायचा आणि काट्याकडे पाहत थांबायचे. काटा उतरला की दिवा घेऊन गाडीखाली शिरायचे. होजांचे जोड, पंप, नळ्यांची टोके पाहिल्यावर दिवा हेडच्या कडेवर आणि हेड आवळणाऱ्या नटांवर येई. वाळलेल्या कूलंटचे पांढुरके पापुद्रे तेथे दिसले की शोध संपला. हे नट सीलंट लावूनच बसवावे लागतात. ते विसरले तर नवे गॅस्केट घालूनही गळती कायम राहते, आणि दोष उगाच गॅस्केटच्या माथी येतो.

हा शोध पुढे ढकलणे महागात पडे. वाट चुकवून निसटलेल्या पाण्याच्या जागी हवा शिरली की इंजिन तापते. शिवाय कूलंटमधील एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असते. सांडलेले चाटून कुत्री-मांजरे मरतात.

१९८५ मध्ये २.१ लिटरचे इंजिन आले. रबरी कडेची रचना तीच राहिली. युरोपात टी-३ मागे पडल्यावरही दक्षिण आफ्रिकेत ती २००२ पर्यंत बनत होती. तेथे वासरबॉक्सर काढून ऑडीच्या घराण्यातील पाच सिलिंडरांचे सरळ रांगेचे इंजिन बसवण्यात आले. रेडिएटर पुढेच राहिला आणि पोटाखालच्या लांब नळ्याही.