छिद्रित फीत, आरएस-२३२ आणि ग्राहक यंत्राचा अधिकार

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या स्थापनावर्षांवरून सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६६ साली टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा राहिला. १९९९ साली बजाज ऑटोचा कारखाना चाकणला सुरू झाला. हा क्रम सर्वश्रुत आहे. परंतु या कारखान्यांना सुटे भाग आणि डाय पुरविणाऱ्या कार्यशाळांत संगणकावरील फाइल यंत्राच्या नियंत्रकापर्यंत कशी पोचते, हा प्रश्न त्यात येत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

संख्यानियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत झाले. यंत्राच्या आज्ञा कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदविलेल्या असत. अशी फीत यंत्राला हवी तेव्हाच पुढे सरके; देणाऱ्याची गती घेणाऱ्याच्या अधीन होती. पुढे फितीची जागा तारेने घेतली. या तारेवरील विद्युत्-संकेतांचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आले व त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ साली निघाली. ही तार आपण होऊन थांबत नाही, आणि खरी अडचण येथेच उद्भवते.

थोडे गणित पाहू. सेकंदास ९६०० बिट हा वेग धरला आणि प्रत्येक अक्षरास आरंभ व अंत यांच्या खुणांसह दहा बिट लागले, तर सेकंदास ९६० अक्षरे जातात. डायच्या वक्र पृष्ठभागाच्या प्रोग्रॅममध्ये दहा लक्ष अक्षरे असली, तर तो पाठविण्यास सुमारे साडेसतरा मिनिटे लागतात. इंचास दहा अक्षरे या मापाने त्याचीच फीत अडीच किलोमीटरहून अधिक लांब झाली असती. एवढा प्रोग्रॅम जुन्या नियंत्रकाच्या स्मृतीत मावत नसे. म्हणून कारागीर ज्याला ‘ड्रिप फीड’ म्हणतात ती रीत आली: प्रोग्रॅम थोडाथोडा यावा आणि येईल तसतसे यंत्राने कापत जावे. स्मृती भरत आली की नियंत्रक १९ क्रमांकाचे अक्षर उलट पाठवितो, म्हणजे ‘थांब’. जागा झाली की १७ क्रमांकाचे, म्हणजे ‘चालू दे’. संगणक थांबेपर्यंत काही अक्षरे येतच राहतात, म्हणून हा निरोप थोडी जागा शिल्लक असतानाच द्यावा लागतो. १९६३ सालच्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर हीच दोन अक्षरे फीत-वाचक बंद व सुरू करीत असत. फीत गेली, तिची शिस्त मात्र राहिली.

ही शिस्त मोडल्यास काय होते? छिद्रांची सम-विषम मोजदाद एका बिटाची चूक पकडते. समूळ गळालेले अक्षर तिला कळत नाही. ‘५०.’ या अंकातील बिंदू गळाला, तर अनेक नियंत्रक तो अंक मिलिमीटरच्या सहस्रांशांत वाचतात आणि पन्नास मिलिमीटरऐवजी हत्यार ०.०५० मिलिमीटरच सरकते. जॉब तर वाया जातोच, प्रसंगी हत्यारही मोडते.

इंटेलने १९८० साली काढलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये हाच प्रश्न लहान प्रमाणावर दिसतो. त्याच्या अंगभूत रॅममध्ये अवघ्या १२८ बाइटांची जागा असते. पहिले अक्षर उचलण्यापूर्वी दुसरे पूर्ण आले, तर दोहोंपैकी एक नष्ट होते. ९६०० च्या वेगाने दर मिलिसेकंदास सुमारे एक अक्षर येते. कायम स्मृतीत लिहिण्यास पाच मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात चार-पाच अक्षरे दारात उभी असतात. म्हणून फाइल लहान तुकड्यांनी पाठवावी, प्रत्येक तुकड्याची पोच घ्यावी आणि मगच पुढचा द्यावा.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, या तंत्राचा इतिहास वेगाचा नसून घेणाऱ्याच्या अधिकाराचा आहे. अनेक प्रोग्रॅमांच्या आरंभी व अंती आजही आढळणारे टक्क्याचे चिन्ह हा फितीच्या काळाचाच अवशेष होय. भोसरी-चाकणच्या कार्यशाळांतील जुने प्रोग्रॅम, तारांच्या जोडणीची टिपणे आणि वेगाच्या नोंदी भंगारात जाण्यापूर्वी संशोधकांनी त्यांना ऐतिहासिक साधनांचा दर्जा द्यावयास हवा. कारखान्यांची स्थापनावर्षे सरकारी दप्तरांत सापडतील. प्रत्यक्ष काम कसे चाले, हे मात्र या चिठोऱ्यांवाचून कळणार नाही.