परमुलखाचा चित्रकार

इ. स. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे छायाचित्रकार नादार याच्या जुन्या चित्रशाळेत एक प्रदर्शन भरले. 'इम्प्रेशनिस्ट' हे उपहासाचे नाव रूढ झाले ते यातूनच. तेथील सुमारे तीस कलावंतांत मोने, देगा, सेझान यांच्या पंक्तीस ग्यूस्ताव कोलँ हेही नाव होते. पंक्तीतील इतर जगन्मान्य झाले. कोलँ मात्र यादीपुरता उरला. त्याचेच स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

बास्क डोंगर रंगविणारा हा गृहस्थ बास्क नव्हता. १८२८ साली फ्रान्सच्या उत्तरेस, आरास नगरीत तो जन्मला. तेथे द्युतिय्यो या चित्रकारापाशी तो शिकला. द्युतिय्यो हा थोर निसर्गचित्रकार कोरो याचा स्नेही. तेव्हा उघड्या निसर्गासमोर बसून रंगविण्याचा संस्कार कोलँला गुरुगृहीच लाभला. पुढे तो देशाच्या दुसऱ्या टोकास, पिरेनीज पर्वत समुद्रास भिडतो तेथे गेला आणि सिबूर या कोळ्यांच्या गावी त्याने बिऱ्हाड थाटले.

त्या किनाऱ्यावरील लारून शिखराची उंची अवघी ९०५ मीटर. परंतु सागरावरून येणारे ढग त्याचा रंग घटकेघटकेला पालटतात. सीमेपलीकडे पासाखेस बंदर आहे. दोन डोंगरांमधील अरुंद चिंचोळीतून जहाजे आत शिरतात. हेच प्रवेशद्वार कोलँने रंगविले आणि ते चित्र १८७४ च्या प्रदर्शनात मांडले.

सम्राज्ञी युजेनीमुळे जवळच्या बियारित्झला १८५४ पासून थोरामोठ्यांची रीघ लागली होती. १८६४ साली आगगाडीही सीमेपर्यंत पोहोचली. हौशी मंडळी उन्हाळा काढून परतत. कोलँ मात्र मासळी विकणाऱ्या स्त्रिया, पेलोटा खेळणारे तरुण, सुताराचे घर, असा तेथील नित्याचा संसार न्याहाळीत राहिला. डोंगर त्याला केवळ देखावा वाटला नाही. तो त्याच्या शेजाऱ्यांचा आसरा होता.

त्या मंडळींच्या पुढील प्रदर्शनांत तो दिसत नाही. १९१० साली पॅरिसमध्ये तो निवर्तला. राजधानीपासून दूर राहण्याची किंमत त्याने मोजली, असे आम्हांस वाटते. पण त्याच दुराव्याने त्याला त्याचा विषय दिला.

बदलीच्या गावी आपणही वर्षे काढतो आणि दृष्टी बहुधा परतीच्या वाटेकडे लावून बसतो. खिडकीसमोरचा डोंगर आपण खरोखर कधी पाहिला आहे काय?