आवाज घडवणारे हात

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शब्दाची नोंद काटेकोरपणे झाली आहे. आवाजाची मात्र झालेली नाही. संहितेच्या आवृत्त्या, पाठभेद, प्रकाशनकाल यांचा शोध आपण चिकाटीने घेतो. बा. सी. मर्ढेकरांच्या संगीतिका शिकवताना ते नभोवाणीच्या नोकरीत होते, एवढे एक वाक्य टिपणात येते आणि आपण पुढे सरकतो. ज्या माइकपुढे ती संहिता उभी राहिली तो माइक, आणि त्याच्यामागे बसलेला माणूस, हे जणू वाङ्मयबाह्य ठरतात. आमचे म्हणणे असे, की आवाज वाहून नेण्याची विद्या आपल्याकडे बऱ्याच अंशी शिकाऊ आणि हौशी हातांनी आणली, आणि त्या हातांचा विसर पडल्यामुळे आपला वाङ्मयव्यवहारही तोकडा राहिला.

या विद्येची एक सुरुवात कोल्हापुरात दिसते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मूळचे पडदे रंगवणारे चित्रकार. चलच्चित्राचा कॅमेरा आपणच तयार करावा, या ध्यासाने त्यांना पछाडले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रभात’चे दामले एक भागीदार झाले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी चित्रपट बोलू लागला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची बाजू याच दामल्यांनी सांभाळली. कुंचल्यावर आणि यंत्रावर बसलेला हात आता कानाच्या कामाला लागला. १९३६ चा ‘संत तुकाराम’ फत्तेलालांसह दिग्दर्शित करणारे दामले आपण जाणतो. त्याच दामल्यांमधला ध्वनिमुद्रक मात्र आपल्याला अपरिचित असतो. ‘प्रभात’च्या पुण्यातील त्या वास्तूत १९६० मध्ये चित्रपट-शिक्षणाची शासकीय संस्था उभी राहिली आणि ध्वनिमुद्रण हा तेथे रीतसर अभ्यासक्रम झाला. आधी हात शिकले, शाळा मागाहून आली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

नभोवाणीची कथाही हाच क्रम सांगते. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने, म्हणजे हौशी मंडळींच्या संघटनेने, प्रक्षेपणाला आरंभ केला. व्यावसायिक कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १९३० मध्ये ती कंपनी बुडालीही. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याविना जवळ बाळगणे गुन्हा ठरले. आवाज दूरवर नेणाऱ्या हातांविषयी सत्तेला वाटणारा संशय त्यात स्वच्छ दिसतो. तरीही १९३५ मध्ये म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या घरी लहानसे प्रक्षेपण केंद्र थाटले. ‘आकाशवाणी’ हे नाव आरंभी त्याच केंद्राशी जोडले गेले. महाविद्यालयीन अध्यापकाच्या छंदातून निघालेला शब्द पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीचा झाला, ही गोष्ट आम्हां अध्यापकांना विशेष सुखावणारी आहे.

१९४२ मध्ये मात्र हा छंद जोखमीचा झाला. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले होते. ‘छोडो भारत’च्या हाकेनंतर कायद्याचे शिक्षण सोडलेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ हा त्याचा काळ. पत्ता पुन्हापुन्हा बदलावा लागे. प्रक्षेपक तयार केला तो नरिमन प्रिंटर या रेडिओ-तंत्रज्ञाने. आणि पोलिसांच्या हाती सापडल्यावर माहिती फोडली तीही त्यानेच. उषाताईंनी चार वर्षांची शिक्षा पत्करली. स्वातंत्र्यानंतर त्या मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांचे नाव आदराने घेतले जाते. प्रिंटरचे घेतले जात नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. पण त्याच्या हाताविना तो आवाज उमटलाच नसता, हेही तितकेच खरे. यंत्र जाणणारा माणूस नायक किंवा खलनायक याखेरीज तिसऱ्या कोणत्याच रूपात आपल्या इतिहासाला पेलत नाही, हे आमच्या मते या कथेतील खरे वैगुण्य होय.

मुंबई-पुण्याकडून आमच्या चिखलीकडे वळावे, तर येथे ही विद्या मोठ्या नावांविना नांदली. आमच्या विद्यार्थिदशेत, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, कॅसेटचा जमाना होता. चिखलीला तेव्हा रेल्वे नव्हती. सुटे भाग अकोल्याहून किंवा जालन्याहून एस.टी.ने येत. एलए ४४४० ही एकच आयसी, १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि सोल्डरिंगची कांडी एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी अ‍ॅम्प्लिफायर जुळवत. जाड खर्जासाठी पेटी परवडत नसे. मग मातीच्या माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवायचा, की माठातली हवाच घुमू लागे.

या उद्योगात पहिला गुरू म्हणजे गुरगुर. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो. चार डायोडांतून गेल्यावर त्याची स्पंदने १०० होतात. कपॅसिटर अपुरा असला, की तीच खर्जातली गुरगुर गाण्याखाली सतत ऐकू येते. इनपुटची तार उघडी राहिली, तर गुरगुर येते ती ५० ची. दोन गुरगुरींतला फरक ज्याला कानाने कळला, त्याला दोष कोठे आहे हे यंत्र न उघडताच उमगे. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर आवाज असूनही खर्ज नाहीसा होतो. अशा वेळी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पडदा पुढे येतो की मागे जातो, हे पाहायचे. संहितेचा पाठ शोधताना भाषाभ्यासक जी सावधगिरी बाळगतो, तिच्याच जातीची ही सावधगिरी आहे. अवांतर काय आणि मूळ काय, हे ओळखणे दोहोंकडे सारखेच.

म्हणूनच हा विषय मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित केल्या, म्हणून २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर वाचता येतात तशा ऐकताही येतात. कागदावरच्या ओवीत शब्द उरतो. जात्याची घरघर, दम घेण्याची जागा, ओळीअखेरचा हेल उरत नाही.

चिखलीची बोली वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरची. तिचा हेल लिपीत उतरत नाही, आणि तो जिच्या तोंडी आहे ती पिढी आता थकली आहे. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु माइक तोंडापासून किती अंतरावर धरावा, पंखा बंद का करावा, कोणता गोंगाट काढावा आणि जात्याची कोणती घरघर राखावी, हे सांगणारा शिकलेला कान लागतो. तो कान अभ्यासक्रमात नाही. एम.ए.च्या वर्गातील दोघा-चौघांनी जरी तो कमावला, तरी बोलीचा अभ्यास टिपणवहीच्या बाहेर पडेल; आणि कोण्या आजीची ओवी तिच्याच आवाजात पुढच्या वर्गाला ऐकता येईल.